मशीनपेक्षा मास्कवर वेळ घाला

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घ्यायचंय ना, मग नुसत्या मशीनच्या किमतीत अडकू नका. डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर ४ ते २० सेंटीमीटर (पाण्याच्या) दाबाचं ऑटो मशीन, म्हणजे गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं, रोजची नोंद ठेवणारं, एवढं पुरे. जमलं तर आधी महिनाभर भाड्याने आणा.

खरी डोकेदुखी मास्कची. दुकानात खुर्चीवर बसून सगळेच मास्क छान बसतात! आडवे व्हा, मशीन चालू करायला लावा, कुशीवर वळा. नाकाच्या कडेने डोळ्यांत हवा लागली की तो साइज तुमचा नाही. पट्टे आवळून गळती थांबवू नका, सकाळी गालावर वळ उठतात. तोंड उघडं टाकून झोपत असाल तर नाक-तोंड झाकणारा घ्या. आणि ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड पाणीच. बोअरच्या पाण्याने क्षार साचतात.