लॉस्ट कोस्टवर आईवडिलांना न्यावे का?

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. मे महिन्याच्या अखेरीस माझे आईवडील साताऱ्याहून येत आहेत. दोघांनी साठी ओलांडली आहे आणि आईचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे. गर्दीची ठिकाणे मागच्या खेपेस पाहून झाली, म्हणून या वेळी उत्तर कॅलिफोर्नियातील लॉस्ट कोस्ट या निर्जन किनाऱ्यावरील सिंकिओन विल्डरनेस स्टेट पार्कमध्ये दोन रात्री तंबूत राहावे, असे मनात आहे. तेथे पाणी, शौचालय, मोबाइल यांची सोय कशी आहे, समुद्रात उतरता येते का, आणि मुलाचे मन रमेल का?

उत्तर : आईवडिलांना तेथे जरूर न्यावे, मात्र त्यांना रात्री तंबूत ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे उद्यान इतके निर्जन का राहिले, हे समजले की सोयींविषयीच्या आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. कॅलिफोर्नियाचा किनारा धरून उत्तरेकडे जाणारा एक क्रमांकाचा महामार्ग रॉकपोर्टजवळ समुद्राची सोबत सोडून डोंगरात वळतो, कारण त्यापुढे डोंगर थेट समुद्रात उतरलेले आहेत आणि त्या कड्यांवर महामार्ग बांधणे परवडणारे नव्हते. त्या वळणाच्या पलीकडे उरलेल्या किनाऱ्याचा दक्षिण भाग 1975 मध्ये राज्य उद्यान झाला. तेथे पिण्यायोग्य पाण्याचा नळ नाही, वीज नाही, दुकान नाही, पेट्रोल नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. आहेत ती खड्ड्याची शौचालये, लाकडी मेज-बाकडी आणि शेकोटीसाठी लोखंडी कडी. ओढ्यांना पाणी असते, पण ते उकळल्याशिवाय किंवा गाळणयंत्रातून काढल्याशिवाय पिऊ नये. लहान मूल सोबत असताना तर घरूनच माणशी दिवसाला चार लिटर पाणी न्यावे. तंबूच्या जागा आगाऊ राखून ठेवता येत नाहीत; जो आधी पोहोचेल त्याला जागा मिळते. कचराही आपला आपणच परत आणायचा असतो.

उद्यानात शिरण्याचे रस्ते दोन. दक्षिणेकडून उसालच्या पुळणीला जाणारा सुमारे साडेनऊ किलोमीटरचा कच्चा रस्ता अरुंद व तीव्र चढउताराचा आहे आणि पाऊस पडला की तो चालण्याजोगा राहत नाही. गाडी तंबूपर्यंत नेता येते म्हणून पुष्कळ लोक उसाललाच जातात, परंतु वयस्कर माणसांसाठी मी तो सुचवणार नाही. गार्बरव्हिल-रेडवे या गावांकडून ब्राइसलँडमार्गे उद्यानाच्या उत्तर भागातील नीडल रॉकला यावे. त्याही रस्त्याचा शेवटचा साडेपाच किलोमीटरचा टप्पा कच्चा आणि एका गाडीपुरताच रुंद आहे. समोरून गाडी आली तर कोणाला तरी मागे जावे लागते, म्हणून घाटात गाडी चालवण्याचा सराव असलेल्यानेच तेथे चाक हाती घ्यावे. टाकी रेडवेलाच भरून घ्यावी, नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि रस्ता खुला आहे की नाही याची निघण्यापूर्वी उद्यानाकडे चौकशी करावी.

मुक्काम उद्यानाच्या उत्तरेकडील शेल्टर कोव्ह येथे करावा. त्या गावापर्यंत वळणावळणाचा का होईना पण पक्का रस्ता आहे, राहण्या-खाण्याची सोय आहे आणि केप मेंडोसिनोचा 1868 मधील दीपस्तंभ तेथेच आणून उभारलेला आहे. तो पाहायला आपल्या आईंना चढावे लागणार नाही. तेथून एक पूर्ण दिवस नीडल रॉकसाठी राखून ठेवावा.

नीडल रॉकला कड्यावरच्या कुरणात जुने शेतघर आहे. तेच आता माहितीकेंद्र आहे. या घराजवळ खुर्च्या टाकून बसले की आईवडिलांचा दिवस कसा जातो ते कळणार नाही. खाली समुद्र असतो, मागे डोंगर, आणि पुष्कळदा समोरच्याच गवतात रूझवेल्ट एल्कचा कळप चरत असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊबंद. नराचे वजन 300 किलोंच्या पुढे जाते. या किनाऱ्यावरून ते नाहीसे झाले होते आणि उत्तरेकडील उद्यानातून आणून त्यांना येथे पुन्हा वसवण्यात आले. मेअखेर व जून हा माद्यांच्या विण्याचा काळ असतो. गवतात एकटे बसलेले पाडस दिसले तर त्याची आई जवळच असते, म्हणून मुलाला फोटोसाठी पुढे जाऊ देऊ नये. दुर्बीण मात्र अवश्य न्यावी, कारण वसंत ऋतूत करडे देवमासे पिल्लांना घेऊन उत्तरेकडे जाताना किनाऱ्याच्या बऱ्याच जवळून जातात आणि मेअखेर एखादी उशिरा निघालेली जोडी दिसू शकते.

समुद्राविषयी मात्र मी कळकळीने सांगतो : पाण्यात उतरू नये. उन्हाळ्यातही पाणी 10 ते 13 अंश सेल्सिअस एवढे थंड असते, किनाऱ्यालगत ओढ जबर असते आणि दहा-पंधरा मिनिटे शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी मोठी लाट पुळणीवर फार आतपर्यंत चढून येते. मुलाने वाळूत खेळावे, पण लाटांकडे पाठ करून नव्हे, आणि एका मोठ्या माणसाने त्याच्यावरून नजर हलवू नये. दुसरी काळजी पॉइझन ओक या झुडपाची. ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे, त्यामुळे बिब्बा उतणे म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या आपल्या आईंना फार समजवावे लागणार नाही. तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू नये, लांब विजार घालावी आणि संध्याकाळी अंगावर गोचीड नाही ना, हे पाहावे.

त्या शेतघरापाशी मुलाला एक गोष्टही सांगावी. उद्यानाला ज्यांचे नाव आहे ते सिंकिओन हे आदिवासी लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या कत्तली केल्या. नीडल रॉकजवळच्या हत्याकांडातून वाचलेल्या सॅली बेल या मुलीचे नाव पुढे येथल्या प्राचीन रेडवुड वृक्षांच्या राईला देण्यात आले आणि 1980 च्या दशकात त्या राईची तोड आंदोलकांनी व न्यायालयाने थांबवली. 1986 मध्ये येथल्या जमातींनी मिळून एक परिषद स्थापन केली, आणि उद्यानाशेजारची हजारो एकर जमीन आज तिच्या मालकीची आहे. 2022 मध्ये तिला आणखी 523 एकरांचे रेडवुड वन परत मिळाले. नऊ वर्षांच्या मुलाला हे सारे समजते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी पुण्याचा, सह्याद्रीत बरीच वर्षे भटकतो. सप्टेंबरमध्ये भावाकडे जाणार आहे. लॉस्ट कोस्टवरून चालताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक लागते आणि परवाना काढावा लागतो, हे खरे का?

उत्तर : खरे आहे, पण ते लॉस्ट कोस्टच्या उत्तरेकडील किंग रेंज या डोंगररांगेच्या भागाविषयी. मॅटोल नदीच्या मुखापासून शेल्टर कोव्हपर्यंतची सुमारे 40 किलोमीटरची ती वाट पुळणीवरून जाते. तिचे काही टप्पे भरतीत पाण्याखाली असतात, आणि तेथे मुक्कामासाठी परवाना तसेच अन्न ठेवण्यासाठी अस्वलाला न उघडणारा डबा सक्तीचा आहे. सिंकिओनमधील उसाल ते बेअर हार्बर ही सुमारे 27 किलोमीटरची वाट मुख्यतः कड्यांवरून जाते. येथे भरतीची चिंता कमी, पण प्रत्येक ओढ्यापाशी समुद्रसपाटीपर्यंत उतरायचे आणि पुन्हा शेकडो फूट चढायचे, असे दिवसभर चालते. तीन दिवस हाताशी ठेवावेत. अस्वलांसाठीचा डबा येथेही न्यावा. सप्टेंबरमध्ये ओढे बारीक झालेले असतात, तेव्हा वाहते पाणी दिसेल तेथे बाटल्या भरून घ्याव्यात. तो एल्कच्या माजाचाही काळ असतो. वाटेवर नर उभा असेल तर तो बाजूला होईपर्यंत थांबावे किंवा लांबून वळसा घ्यावा. डोंगर तेव्हा वाळलेले असल्याने शेकोटीवर अनेकदा बंदी असते, म्हणून स्वयंपाकासाठी छोटी गॅसशेगडी जवळ ठेवावी आणि ती वापरण्यास परवानगी आहे ना, हेही निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.