जुनं चर्च सोडताना रडू येतं, म्हणजे विश्वास कमी पडला का?

‘आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, जुनी इमारत सोडायचं ठरवलंय. निर्णय पटतो, तरी जीव तुटतो. माझा विश्वास कमी पडतोय का?’ नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापर्यंत येतो. त्यावर एका निवृत्त गुरुजींची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे गावोगावी मंडळ्या उभ्या राहिल्या, दगडी चर्चं बांधली गेली. आता तरुण मुलं पुण्याला, पिंपरी-चिंचवडला स्थायिक आहेत आणि गावात उरलेल्या घरांच्या दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा म्हणून दिलेल्या देणगीवर, छपराची दुरुस्तीही भागत नाही. गुरुजींच्या चर्चचं छप्पर इंजिनिअरने धोकादायक ठरवलं. हमरस्त्यालगत साधं सभागृह बांधून उपासना तिकडे न्यायचा ठराव झाला. गुरुजींनीही बाजूने हात वर केला होता.

त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. रविवारी पोट दुखतं म्हणून ते घरी राहू लागले. ‘पप्पा, देव काय भिंतीत राहतो?’ असं घरातले म्हणत, पाळकसाहेबही (चर्चचे धर्मगुरू) तेच समजावत. बोलणं शास्त्राला धरूनच होतं. यरुशलेमच्या पहिल्या मंदिराच्या समर्पणाच्या वेळी शलमोन राजानेही कबूल केलं होतं की जो आकाशात मावत नाही तो या घरात काय मावणार! पण दुःखात बसलेल्या माणसाला ते उत्तर नव्हे, दटावणी वाटते. गुरुजी अबोल झाले, तेव्हा सूनबाई त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

आधी मी झोप, भूक, जगण्याची इच्छा यांची नीट चौकशी केली. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर समुपदेशनाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवेत. वयस्कर माणसाची पोटदुखीही डॉक्टरांना दाखवायला हवी. गुरुजींच्या तपासणीत काळजीचं काही निघालं नाही.

मग त्यांना कागद-पेन्सिल देऊन चर्चचा नकाशा काढायला सांगितला. त्यांनी खिडक्या आणि वेदी झटपट उरकली, आणि बराच वेळ बाकांवर माणसं बसवत राहिले. कोण कुठे बसायचं, पेटी कोण वाजवायचं, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं सुरू झाली की टाळ कुणाच्या हातात असायचे. तिसऱ्या बाकाच्या टोकाशी पेन्सिल थांबली. ती त्यांच्या पत्नीची जागा. तिची अंत्यविधीची उपासनाही तिथेच झाली होती. ‘मी तिकडे गेलो तर ही इथं एकटी राहील,’ म्हणाले आणि मनसोक्त रडले. ठराव झाल्यापासून पहिल्यांदाच.

अमेरिकेतल्या बोस्टनची वेस्ट एन्ड वस्ती पाडून तिथल्या लोकांना हलवलं, तेव्हा मार्क फ्राइड या मानसशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. १९६३ मध्ये त्यांनी लिहिलं की या लोकांचं दुःख माणूस गेल्याच्या दुःखासारखंच आहे, आणि काहींच्या बाबतीत ते दोन वर्षांनंतरही ओसरलेलं नव्हतं. ती तर घरं होती. इथे बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं एकाच छपराखाली झालेलं.

विश्वासाच्या प्रश्नावर मी त्यांना बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचायला दिला. बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमला परतलेल्या यहुद्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला, तेव्हा पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि बाकीचे आनंदाने ओरडले. कोणता आवाज कशाचा, हे कुणाला ओळखू येईना. त्या रडणाऱ्यांना तिथे कुणीही अविश्वासू म्हटलेलं नाही. गुरुजींनी हा अध्याय शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या बायबलच्या वर्गात, कितीदा शिकवला असेल, पण स्वतःला त्यात कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या संमतीने मी पाळकसाहेबांशी बोलले. समितीच्या बैठकांमध्ये खर्च आणि परवानग्यांवर भरपूर बोलणं झालं होतं, पण सोबत काय न्यायचं हे म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. माझ्या मते खरी दुखापत तिथे होती. शेवटच्या उपासनेआधी आवारात मांडव घालून एक संध्याकाळ फक्त आठवणींसाठी ठेवली. बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, व्यासपीठ, घंटा आणि काही बाकं न्यायचं ठरलं. तिसरा बाकही त्यात आहे.

गुरुजी नव्या सभागृहात लगेच रमले नाहीत. काही रविवार ते दाराशीच बसले, आणि कुणी आग्रह करू नये असं मीच घरच्यांना सांगितलं होतं. आता आत बसतात. घंटेसाठी लोखंडी चौकट उभारायची की ती पोर्चमध्येच टांगायची, यावर समितीत वाद चालू आहे. गुरुजी चौकटीच्या बाजूचे आहेत आणि मागच्या बैठकीत त्यासाठी चांगलेच भांडले, असं सूनबाई सांगत होती.