जुना क्विक-रिलीज व्हाइस: अस्सल इंग्लिश की नक्कल, आणि घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात साडेचार इंची बेंच व्हाइस (टेबलाला बसवून काम घट्ट धरायचा शिकंजा) दिसला. हँडलच्या मागे लागून एक लहान खटका आहे, अंगावर हिरव्या रंगाचे थर आहेत आणि बाजूला उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत, त्यातलं '…फेक्ट व्हाइस' एवढंच वाचता येतं. विकणारा 'इंग्लंडचा माल' म्हणून साडेतीन हजार सांगतोय. अस्सल आहे का, आणि घ्यावा का?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा जास्त महत्त्वाचा. नट झिजलेला अस्सल इंग्लिश व्हाइस काम करत नाही. बिनतड्याचा, घट्ट चालणारा देशी व्हाइस आयुष्यभर काम देतो. तरी आधी मूळ कुठलं ते पाहू, कारण त्यासाठी जी तपासणी होते तीच पुढे हालत पाहायला उपयोगी पडते.

खटका आणि 'फेक्ट' ही अक्षरं एकत्र असतील तर तो 'पार्किन्सन्स परफेक्ट व्हाइस' असण्याची दाट शक्यता आहे. जे. पार्किन्सन अँड सन ही यॉर्कशरमधल्या शिप्लीची कंपनी. खटका दाबला की स्क्रूच्या आट्यांतून अर्धा नट सुटतो आणि जबडा हाताने सरळ पुढे-मागे सरकवता येतो, हे त्यांच्या व्हाइसचं वैशिष्ट्य. असाच क्विक-रिलीज शेफिल्डच्या 'रेकॉर्ड'चाही आहे (साडेचार इंचीचा नंबर २३), पण त्यावर नाव स्पष्ट 'रेकॉर्ड' असतं. 'व्हाइस' शब्दाचं स्पेलिंगही बघून ठेवा: 'सी' असेल तर इंग्लिश किंवा इंग्लिश वळणाचं, 'एस' असेल तर बहुधा अमेरिकी.

रंगावरून काहीही ठरवू नका. जुन्या व्हाइसवर तीन-चार कारखान्यांचे रंग चढलेले असतात. अक्षरं वाचायची तर त्यावरून खडू आडवा घासा, किंवा पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवा. अंधारात टॉर्च अगदी आडवा धरला तरी झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. ग्राइंडर किंवा पॉवरची वायर ब्रश अक्षरांवर अजिबात नको, पुरावाच जातो. रंग काढायचा असेल तर घरी आणून भाग सुटे करा आणि कॉस्टिक सोड्यात बुडवा: लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. रात्रभरात रंग मऊ होऊन सोलून निघतो. कोरडा पॉलिश पेपर मारू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. भट्टीत किंवा गॅसवर रंग जाळणंही नको: बीड (ओतीव लोखंड) असमान तापलं तर तडकतं, आणि आतल्या स्प्रिंगचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो.

आता नक्कल कशी ओळखायची. स्वस्तात नक्कल करायची सोपी रीत म्हणजे मूळ नगच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून वाळूत दाबायचा आणि त्या साच्यात बीड ओतायचं. ओतलेलं बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग). कोल्हापूरच्या कुठल्याही पॅटर्नवाल्याला हे तोंडपाठ असतं. म्हणूनच त्याची मोजपट्टी मुळातच तेवढी मोठी आखलेली असते. मूळ नगावरून थेट ओतलेल्या नकलेत ही भर कुणी घातलेली नसते, त्यामुळे ती सगळ्या बाजूंनी टक्काभर लहान निघते. मोजायचं ते मशिनिंग न झालेलं अंतर. जबड्याची पट्टी मोजून काही कळत नाही, ती वेगळी बसवलेली असते. अक्षरांच्या ओळीची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची लांबी व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या साधनाने) घ्या आणि खात्रीच्या, त्याच मापाच्या नगाशी ताडून पाहा. दीडशे मिलिमीटरला दीड मिलिमीटर कमी भरलं तर ती नक्कल.

ताडायला नग नसेल तर अक्षरांच्या कडा बघा. चांगल्या पॅटर्नवरून आलेल्या अक्षराचा माथा सपाट आणि कोपरे टोकदार असतात, 'ई'च्या तिन्ही दांड्यांमधली खोबण स्वच्छ असते. नकलेत माथा गोलसर होतो, ती खोबण अर्धी बुजते आणि आजूबाजूला वाळूचे दाणे बसल्यासारखा खरखरीतपणा असतो. अर्थात वर्षानुवर्षं घासून झिजलेलं अक्षरही गोल होतं. म्हणून हात न लागणारी जागा पाहा: सरकत्या जबड्याची खालची बाजू, बेसच्या आतला पोकळ भाग. तिथेही ओबडधोबड असेल तर मुळातच ओतकाम हलकं.

तिसरा पुरावा आट्यांचा. जबड्याच्या पट्टीचा एखादा स्क्रू निघत असेल तर काढून दहा आट्यांचं अंतर मोजा. जुन्या इंग्लिश व्हाइसमध्ये व्हिटवर्थ आटे (इंचाच्या मापाचे जुने ब्रिटिश आटे) असतात. तीन सुती स्क्रूचा व्यास ९.५ मिलिमीटर, इंचाला १६ आटे, म्हणजे दहा आटे १५.९ मिलिमीटरला. एम-१० चे (१० मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचे) दहा आटे बरोबर १५ ला. अडीच सुतीत फसगत जास्त होते, कारण त्याचा व्यास ७.९ आणि एम-८ चा ८, डोळ्याला फरक दिसत नाही. पण दहा आटे अडीच सुतीत १४.१ आणि एम-८ मध्ये १२.५ मिलिमीटर. स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, म्हणून बिडातल्या भोकातले आटे खरे माना. एक लक्षात ठेवा: मूळ भोकात मेट्रिक आटे सापडले तर 'जुना इंग्लिश' हा दावा जवळपास संपला, पण व्हिटवर्थ आटे सापडले म्हणून तो सिद्ध होत नाही. आपल्याकडे १९५६ चा मेट्रिक मापांचा कायदा झाल्यावरही वर्कशॉपमध्ये सुताचं राज्य कितीतरी वर्षं टिकून होतं.

मालकीचे शिक्केही शोधा. हे पंचाने ठोकलेले असतात, म्हणजे ओतीव अक्षरांसारखे उंच नसून खोल. बाणासारखी खूण ब्रिटिश सरकारी मालावर असायची. 'जी.आय.पी.' असा शिक्का असेल तर तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. ही रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत गेली, तेव्हा नग त्याआधीचा.

आता हालत. हे सगळं दुकानात उभ्याउभ्या दहा मिनिटांत होतं. सोबत व्हर्नियर, टॉर्च, लोहचुंबक, वर्तमानपत्राचा तुकडा, खडू आणि बाटलीत थोडं रॉकेल न्या.

पहिली नजर हँडलवर. हँडल वाकलेलं असेल तर त्यावर पाइप चढवून जोर लावलेला आहे असं समजा, आणि पुढची प्रत्येक तपासणी दुप्पट कसोशीने करा.

मग तडे. ते ठरलेल्या जागी येतात: स्थिर जबड्याच्या मानेत मागच्या बाजूने, बेसच्या बोल्टच्या भोकांभोवती, आणि मागचा सपाट भाग ऐरण म्हणून वापरला असेल तर तिथून खाली. संशयाची जागा रॉकेलने ओली करा, कोरड्या फडक्याने पुसा, वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल एक-दोन मिनिटांत पुडीवर बारीक रेघ होऊन उमटतं. पिवळी रेघ दिसली तर पितळेने ब्रेझिंग झालंय, म्हणजे तडा पितळ वितळवून सांधलाय. जबड्याच्या मानेत असं असेल तर सोडून द्या. लांबी (पुटी) भरून वरून रंग मारलेला असेल तिथे लोहचुंबक ढिला पडतो.

त्यानंतर जबडे. दोन्ही टोकांना, वरच्या कडेशी, वर्तमानपत्राची एकेक पट्टी धरून हलक्या हाताने बंद करा. दोन्ही पट्ट्या सारख्या अडकायला हव्यात. चांगल्या व्हाइसमध्ये जबडे वरच्या कडेला आधी टेकतात, कारण जोर आला की सरकता जबडा किंचित मागे झुकतो आणि तेव्हा पूर्ण मुख सपाट बसतं. खाली आधी टेकून वर अर्धा मिलिमीटर फट राहत असेल तर सरकपट्टीची झीज झालीये. जबडा चार बोटं उघडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. थोडा खेळ चालतो, खडखड वाजेल इतका नाही. पट्ट्या कडक आहेत का हे कानशीने कळतं. कोपऱ्यावर नवी कानस घसरली तर पाणी दिलेलं आहे, चावली तर मऊ. मऊ किंवा गायब पट्ट्यांवरून मात्र सौदा मोडू नका, ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) च्या बारमधून नव्या करून घेता येतात.

तुमच्या नगाचा खरा जीव अर्ध्या नटात आहे. साध्या व्हाइसमध्ये नट स्क्रूला सगळीकडून धरतो. इथे तो एकाच बाजूने धरतो आणि स्प्रिंगच्या जोरावर जागेवर राहतो. आटेही बट्रेस पद्धतीचे असतात, एक बाजू उभी आणि दुसरी उतरती, म्हणजे ताण एकाच दिशेने घेणारे. उभी बाजू झिजून गोल झाली की पक्कं आवळताना नट 'टक्' करून आटा सोडतो. तो आवाज ऐकायचा. सागाचा किंवा बाभळीचा ठोकळा धरून, पाइप न लावता, दोन्ही हातांनी पूर्ण आवळा. असं जबड्याच्या तीन वेगवेगळ्या उघडीपवर करा, कारण स्क्रू नेहमीच्या वापराच्या भागात जास्त झिजतो. एकदा जरी टकटकला तर आतला कचरा हे कारण असू शकतं: जुन्या ग्रीसमध्ये लोखंडाचा कीस बसून नट पुरता वर येत नाही. खटका दहा-बारा वेळा दाबून, रॉकेल सोडून पुन्हा आवळा. तरी घसरला तर नट गेला. तो ब्राँझमध्ये नवा बनवून घेता येतो, पण बट्रेस आट्यांसाठी हत्यार घासून घेणारा टर्नर लागतो, आणि ते काम व्हाइसच्या किमतीजवळ जातं.

हँडलचा मोकळा फिराव पण पाहा. आवळलेल्या स्थितीतून उलट फिरवताना जबडा हलण्याआधी पाव फेरा मोकळा गेला तर ठीक. अर्ध्या फेऱ्याच्या पुढे गेला तर आधी पुढच्या कॉलरमागचं वॉशर आणि पिन तपासा. दोष बहुतेकदा तिथेच असतो आणि तो स्वस्तात निघतो.

माझं मत: तिन्ही उघडीपवर नट घसरला नाही आणि मानेत तडा नसेल, तर साडेतीन हजारांत घ्या, नक्कल निघाली तरी घ्या. नट टकटकत असेल तर भंगाराच्या वजनाने मिळाला तरच. घरी खोलताना सरकता जबडा खालून दोन्ही हातांनी धरा. शेवटचे दोन इंच राहिले की तो अचानक सुटतो आणि सरळ पायावर येतो.

घेतलात तर तीन फोटो काढा: अक्षरांवर खडू घासून, जबडा काढल्यावर दिसणारा अर्धा नट, आणि बेसची खालची बाजू. सोबत अक्षरांच्या ओळीची लांबी आणि दहा आट्यांचं माप लिहा. मूळ कुठलं ते तेवढ्यावर बऱ्याच खात्रीने सांगता येईल.