वाचक विचारतात : त्वरणाच्या ग्राफला करवतीचे दात का येतात?

या वेळी प्रॅक्टिकलवाल्यांचीच पत्रं जास्त आलीत, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. आज फक्त गती, वेग आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर.

प्रश्न : मी एफवायबीएस्सीला आहे. ट्रॉली उतारावर सोडून टिकर टायमरने (ठरावीक वेळाने ठिपके मारणारं यंत्र) ट्रॉलीला जोडलेल्या कागदी टेपवर ठिपके काढले. वेगाचा ग्राफ बऱ्यापैकी सरळ आला पण त्वरणाचा काढला तर नुसता वरखाली, करवतीच्या दातांसारखा, दोन ठिकाणी तर चक्क निगेटिव्ह. ट्रॉलीच्या चाकात काही गडबड आहे का? मॅडम म्हणतात परत कर. (सांगली)

उत्तर : चाकं बिचारी ठीक असणार. एक गोष्ट आधी लक्षात घे, लॅबमध्ये तू वेग मोजलेलाच नाहीस आणि त्वरण तर नाहीच नाही, तू मोजलंस ते फक्त अंतर आणि वेळ. दोन अंतरांची वजाबाकी करून वेग निघतो आणि दोन वेगांची वजाबाकी करून त्वरण, म्हणजे वजाबाकीवर वजाबाकी, आणि प्रत्येक वजाबाकीत खरा आकडा लहान होत जातो पण मोजण्यातली चूक मात्र तेवढीच राहते, उलट थोडी वाढतेच.

आकडे घालून बघ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून टायमर सेकंदाला ५० ठिपके मारतो आणि दोन ठिपक्यांत ०.०२ सेकंद जातात. (अमेरिकन पुस्तकातलं उदाहरण बघून काहीजण १/६० सेकंद धरतात, तिकडची वीज ६० हर्ट्झची असते, ते बघून घे.) समज तुझ्या ट्रॉलीचं खरं त्वरण ९० सेंमी प्रति सेकंद वर्ग आहे. वेग ४० सेंमी प्रति सेकंदाच्या आसपास असताना दोन ठिपक्यांतलं अंतर येतं ८ मिमी. फूटपट्टीने मोजताना अर्धा मिमी इकडेतिकडे होणारच, पण आठात अर्धा म्हणजे फार काही नाही, म्हणून वेगाचा ग्राफ बरा दिसतो. आता शेजारचं अंतर याच्यापेक्षा किती जास्त असायला हवं? ९० गुणिले ०.०२ चा वर्ग, म्हणजे ०.०३६ सेंमी, म्हणजे जेमतेम ०.३६ मिमी! तुझ्या पट्टीचा लीस्ट काउंटच, म्हणजे तिच्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, १ मिमी. जो फरक पट्टीला दिसतच नाही त्याचा तू ग्राफ काढतोयस, मग तो दात दाखवणार नाहीतर काय करणार.

उपाय सोपा आहे. सुरुवातीचे एकावर एक पडलेले ठिपके सोडून दे आणि पुढे दर पाच गाळ्यांचा (दोन ठिपक्यांमधली जागा म्हणजे एक गाळा) एक तुकडा धर, ०.१ सेकंदाचा. आता शेजारच्या दोन तुकड्यांतला फरक ९ मिमी येतो, आधीच्या २५ पट, आणि तो डोळ्यांनी दिसतो. टेप खरंच कात्रीने कापून तुकडे शेजारीशेजारी जर्नलमध्ये चिकटव, पाया एका रेषेत ठेवून. पहिला २.१ सेंमी, मग ३.०, ३.९, ४.८ अशी चढण दिसेल, तोच तुझा वेगाचा ग्राफ, पेन्सिल न लावता. मग त्वरणासाठी लगतचे आकडे वजा करत बसू नकोस, सगळ्या बिंदूंमधून एकच सरळ रेषा काढ आणि तिचा स्लोप, म्हणजे चढ, घे. मॅडमना हे दाखव, परत करायला लागणार नाही असं वाटतं.

प्रश्न : अकरावी सायन्स. १ मीटरवरून गोळी सोडून स्टॉपवॉचने g (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण) काढला. कधी ७ येतो कधी १४. पार्टनर म्हणतो ९.८ येईल अशी रीडिंग लिहू, सगळेच लिहितात. काय करू? (चाळीसगाव)

उत्तर : सगळेच लिहितात हे खरंय, आणि परीक्षकांना ते कळतं हेही खरंय. १ मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतात आणि माणसाचं बोट दाबायलाच साधारण ०.२ सेकंद उशीर करतं. सुरू करताना आणि थांबवताना दोन्हीकडे सारखाच उशीर झाला तर तो कटतो, पण तो दर वेळी सारखा नसतो. ०.३५ सेकंद नोंदले गेले तर g येतो १६, ०.५५ नोंदले गेले तर ६.६. म्हणजे तुझी ७ आणि १४ ही रीडिंग अगदी प्रामाणिक आहेत, आणि स्टॉपवॉच वापरून कुणाच्या जर्नलमध्ये पाचही वेळा ९.८१ असेल तर ओरलला पहिला प्रश्न त्यालाच यायला हवा. आहे तेच लिही, आणि खाली हे कारण लिही.

तेच बोट, तेच घड्याळ घेऊन लंबकाने g काढ. १ मीटर दोरी, २० आंदोलनं, सुमारे ४० सेकंद. ०.२ सेकंदाची चूक आता ४० सेकंदांत पडली, म्हणजे अर्धा टक्का, आणि g मध्ये फार तर एक टक्का. बाय द वे, महाराष्ट्रात g ९.७८-९.७९ च्या आसपास असतो, ९.८१ नाही, त्यामुळे दुसऱ्या दशांशावर रात्र जागू नकोस.

प्रश्न : मुलीने पेपरात लिहिलं की वर फेकलेला चेंडू सगळ्यात उंच बिंदूला असताना वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य. सरांनी चूक दिलं. मलाही तिचंच बरोबर वाटतंय! (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, सरांचं बरोबर आहे. वेग शून्य आणि त्वरणही शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता, कारण शून्य वेग बदलायला तिथे काही उरलंच नसतं. तो खाली येतो याचाच अर्थ त्या क्षणीही वेग बदलतोय. वरची दिशा प्लस धरा, वेग प्लस, मग शून्य, मग मायनस, आणि ग्राफ एकच सरळ रेषा, अक्ष ओलांडताना कुठेही न वाकणारी. तिचा स्लोप सगळीकडे उणे ९.८. आणि मायनस त्वरण म्हणजे वेग कमी होणं हेही मुलं पाठ करतात, ते तिला विसरायला सांगा, खाली येताना त्वरण मायनसच असतं आणि चेंडू जोरात जोरात येत असतो.

प्रश्न : आमच्या शाळेत टिकर टायमर, एअर ट्रॅक (हवेवर गाडी तरंगवणारा रूळ) काही नाही. नववीला त्वरण कसं दाखवायचं? (शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, गॅलिलिओकडेही नव्हतं. १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात वर्णन आहे, लाकडी तुळईत खोबण, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र, त्यात पितळेसारख्या धातूची गोळी, आणि वेळ मोजायला बारीक धारेने पडणारं पाणी, ते गोळा करून तोलायचं! एक चतुर्थांश अंतराला बरोबर निम्मा वेळ लागतो हे त्याला त्यात सापडलं.

तुम्ही २ मीटरचं ॲल्युमिनियम चॅनेल घ्या, एक टोक १० सेंमी उचला, गोटी सोडा. पूर्ण २ मीटरला साडेतीन सेकंदांच्या जवळपास लागतील आणि अर्ध्या मीटरला त्याच्या निम्मे. इतक्या वेळात मुलांचं बोट पुरतं. सूत्रातून (g गुणिले उंची भागिले लांबी) त्वरण ०.४९ मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवं पण हाताला ०.३५ च्या आत काहीतरी लागेल. घाबरू नका, गोटी घरंगळताना फिरतेही, त्यात वाटा जातो, भरीव गोळीला सपाट उतारावर ५/७ च मिळतं, आणि चॅनेलच्या दोन कडांवर टेकून चालली तर आणखी कमी. हा मुद्दा नववीत काढायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी तरी कुणी विचारल्याशिवाय काढणार नाही.

एखादा बरा मोबाइल असेल तर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या आणि ट्रॅकर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम बाय फ्रेम गोटीवर क्लिक करा. कॅमेरा लांब आणि चॅनेलला काटकोनात, आणि मापाची पट्टी चॅनेलला चिकटूनच ठेवा, मागच्या भिंतीवर नको, नाहीतर अंतरं सगळी चुकतात आणि दोष गोटीवर येतो.

प्रश्न : फोनच्या सेन्सरने प्रयोग करायच्या फायफॉक्स ॲपमध्ये फोन टेबलावर स्थिर असताना त्वरण ९.८ दाखवतो. सेन्सर बिघडलाय का? (बारावी, रत्नागिरी)

उत्तर : नाही. त्यातला सेन्सर टेबलाचा वरचा रेटा मोजतो, फोनचा वेग किती बदलला ते नाही. फोन हातभर उंचीवरून जाड गादीवर सोड, पडत असतानाचा आकडा शून्याजवळ येतो, आणि आदळला की एकदम उसळी. त्याच ॲपमध्ये g वजा केलेला पर्यायही आहे, ट्रॉलीच्या प्रयोगाला तो निवड. आणि गादी खरंच जाड घे.