हत्ती उभा राहील, पण चासी नाही
पाना-पकड : वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्याची उत्तरं

प्रश्न : आमचे हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून ते आणि धाकटा मुलगा गोराईच्या आमच्या बैठ्या घराच्या अंगणात दोन माणसांची उघडी मोटार बांधतायत. एक इंची चौकोनी पाइपांचा सांगाडा वेल्ड करून झालाय. मित्राकडची जुन्या पद्मिनी टॅक्सीची इंजिन-गिअरबॉक्स मिळाली आहेत, ती येत्या रविवारी चढवायची आहेत. सांगाडा मध्यावर सिमेंटच्या चार पोकळ ब्लॉकवर ठेवलाय आणि हे त्याच्याखाली आडवे होऊन काम करतात. मी काही बोलले की म्हणतात, “यावर हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही.” खरं आहे का?
(एक वाचक, गोराई)

उत्तर : ताई, आधी साहेबांना चासीखालून, म्हणजे त्या सांगाड्याखालून, बाहेर बोलवा. बाकीचं नंतर वाचा.

हत्ती उभा राहीलही, कारण त्याचा पाय सुपाएवढा असतो. तुमचा पाइप एक इंचाचा. पोकळ ब्लॉक भिंतीत मसाल्यात बसवलेला असतो तेव्हा भार त्याच्या सगळ्या अंगावर पसरतो. इथे सगळा भार एका पट्टीवर, तीही ब्लॉकच्या पातळ कडेवर. लाकूड मोडण्याआधी करकरतं, लोखंड वाकतं. सिमेंटचा ब्लॉक काही न सांगता फुटतो. विटांचंही तेच.

अशा गाड्यांचा मूळपुरुष १९५७ ची लोटस सेव्हन. इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक ती सुटी आणून घरी जोडायचे. तिची चासी दोघांनी उचलावी इतकी हलकी, आणि घोटाळा इथेच होतो. रिकामी चासी कशावरही राहते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग तीच मांडणी ठेवून तिच्यावर इंजिन चढवतो.

तुमच्याकडे चासी मध्यावर टेकली आहे आणि आज छान तोलून धरल्यासारखी दिसत असेल. रविवारी पद्मिनीचं बिडाचं इंजिन पुढच्या भागात उतरलं की सगळा तोल पुढे जाईल आणि नाक खाली येईल. बरं, इंजिन एकदा बसवून भागत नाही. कधी क्लचसाठी, कधी सायलेन्सर नडला म्हणून ते दोन-तीनदा तरी बाहेर निघतं. तेव्हा मागे अ‍ॅक्सल आणि टाकी बसलेली असेल, तर शेपूट खाली जाईल. म्हणून वजन चढवताना किंवा उतरवताना दर वेळी टेकू नव्याने तपासायचे.

आता काय करायचं ते सांगतो. वेल्डिंग उरलं असेल तोवर चासी कमरेएवढ्या उंच दोन लोखंडी घोड्यांवर ठेवा. पाणसळ लावून चारही कोपरे एका पातळीत आणा आणि दोन्ही कर्ण मोजा, फरक दोन मिलिमीटरच्या आत हवा. तुमचं अंगण पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून उताराचं असणार, तेव्हा घोडीखाली लोखंडी पट्ट्यांची पॅकिंग घाला. लाकडाच्या चिपा नकोत, ठिणगीने जळतात. एक कोपरा जरी खाली राहिला तरी चासी पिळते आणि तशीच वेल्ड झाली की तो पीळ कायमचा. मग चाकांचं अलाइनमेंट करणारा तुमच्या नावाने बोटं मोडेल.

इंजिनाच्या आधी चासी खाली, चार स्टँडवर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या लोखंडी टेकूंवर, घ्या. आमच्याकडची पोरं त्यांनाही घोडीच म्हणतात. पुढची जोडी पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या पाइपाखाली, मागची जोडी सीटच्या पाठीमागच्या आडव्या पाइपाखाली, म्हणजे इंजिन दोन्ही जोड्यांच्या मध्ये येतं. टेकू नेहमी पाइपांच्या सांध्याखाली द्यावा. दोन सांध्यांच्या मधोमध दिलात तर पातळ पाइप चेपतो. मध्ये जुन्या टायरचा तुकडा ठेवा म्हणजे रंग जाणार नाही. अंगणात शहाबादी फरशी असेल तर ती टिचकीने वाजवून बघा, बऱ्याचदा खालून पोकळ निघते. प्रत्येक स्टँडखाली फूटभर चौरस जाड प्लाय किंवा लोखंडी प्लेट टाका.

स्टँड नागदेवी स्ट्रीटला मिळतील. खोक्यावर ‘३ टन’ असलं तर ते एका नगाचं की जोडीचं, हे विचारा. शक्यतो आरपार पिनने उंची अडकणारे घ्या. दात्यांवर अडकणारे घेतलेत तर दाता पूर्ण बसलाय का ते बोटाने नव्हे, डोळ्याने बघा. माझ्या डाव्या करंगळीला नख नाही. एका पद्मिनीचाच स्टँड होता, दाता अर्धा बसलेला. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमच्या गेल्या, माझं नख त्यांच्या कितीतरी आधी गेलं.

साहेबांचा डोळा दारातल्या झोपाळ्याच्या कडीवर असेल. चेन-कप्पी तिथे अडकवायची नाही म्हणजे नाही! इंजिन उचलायची चाकांची क्रेन एका दिवसासाठी एखाद्या गॅरेजातून भाड्याने आणा. माउंटिंगचे बोल्ट आवळेपर्यंत साखळी सैल करायची नाही आणि तोवर कोणी खाली जायचं नाही.

तुमच्यासाठीही काम आहे. साहेब खाली जाण्याआधी चासीला हात लावून गदागदा हलवा. हलली तर त्यांना आत जाऊ देऊ नका. शिवाय चासीखाली साल लाकडाचे ओंडके एकावर एक आडवे-उभे रचून ठेवायला लावा, चासीपासून दोन बोटं अंतर सोडून. रे रोडच्या वखारीत मिळतील. स्टँड सरकला तर चासी दोन बोटंच खाली येईल. आणि तुम्ही भाजीला गेलात की त्या वेळात खाली जायची साहेबांना बंदी.

प्रश्न : माझा ट्रॉली जॅक उचलतो छान, पण तासाभरात हळूहळू खाली बसतो. तेल कमी झालं असेल म्हणून ब्रेक ऑइल टाकू का?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : अजिबात नाही. ब्रेक ऑइलने जॅकचे रबरी सील फुगतात आणि आहे तो जॅकही जातो. त्यात हायड्रॉलिक जॅक ऑइलच लागतं. आधी रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली उतरवायला सैल करतो तो) पूर्ण आवळलाय का बघा, मग जॅक पूर्ण खाली करून तेलाची पातळी. तरीही बसत असेल तर सील बदलून घ्या. तोवर गाडी उचलायला तो चालेल, कारण धरून ठेवणं हे जॅकचं काम नाहीच, नव्या जॅकचंही नाही. गाडी वर गेली की लगेच स्टँड लावा.