बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरच्या, कमी वीज खाणाऱ्या) पंख्याची जादा किंमत वार्षिक खर्चात कशी धरावी?

सगळी किंमत पहिल्याच वर्षावर टाकू नये. साध्या ७५ वॅटच्या पंख्याहून जितके पैसे जास्त पडतात, तेवढ्याच रकमेचा कर्जाप्रमाणे समान वार्षिक हप्ता काढावा. जादा रक्कम १,५०० रुपये, आयुष्य १० वर्षे आणि व्याजदर १० टक्के धरल्यास हप्त्याचा गुणक (ज्याने जादा रकमेला गुणले की वार्षिक हप्ता मिळतो) ०.१६२७ येतो, म्हणजे वर्षाला सुमारे २४४ रुपये. खानापूर किंवा निपाणीतल्या घरात ३० वॅटचा बीएलडीसी पंखा रोज १० तास याप्रमाणे वर्षातून ३०० दिवस चालला, तर १३५ युनिट वाचतात आणि वाचलेले प्रत्येक युनिट १ रुपया ८१ पैशांना पडते. कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे ज्यांचे बिल शून्य येते त्यांना हा हिशेब पटणार नाही (आणि त्यात त्यांचे चुकतेही नाही), परंतु वीज नियोजनाच्या प्रतिमानात (हिशेबाच्या आराखड्यात) तुलना वीजपुरवठ्याच्या खऱ्या खर्चाशी करायची असते, ग्राहकाच्या बिलाशी नव्हे.