आई-बाबांना घेऊन चार दिवस बँकॉकला जातोय, दोघंही शाकाहारी आहेत. कशाची काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी हॉटेल नीट निवडा, अर्धी सहल तिथेच ठरते. खोली लहान असली तरी चालेल, पण बीटीएस स्कायट्रेन किंवा एमआरटी मेट्रोचं स्टेशन आई-बाबांना चालत गाठता आलं पाहिजे. संध्याकाळी तिथले रस्ते असे तुंबतात की टॅक्सीत बसून नुसता वैताग येतो. मी सिलोम-साथोर्न भाग घ्या म्हणेन, कारण साफान ताकसिन स्टेशनाखालीच नदीचा धक्का आहे. तिथून नारिंगी झेंड्याच्या बोटीने राजवाडा, वाट फो, वाट अरुण (वाट म्हणजे देऊळ) सगळं होतं. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग पडते. स्टेशनला लिफ्ट असते, पण प्रत्येक दारापाशी नसते. जिने चढायला लागण्याआधी विचारून घ्या.

विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. तिकिटावर कुठला आहे ते बघून ठेवा. सुवर्णभूमीहून शहरातल्या फया थाई स्टेशनापर्यंत रेल्वे 45 बाथमध्ये (बाथ म्हणजे थाई चलन) नेते, मात्र सामान आणि वयस्कर माणसं असतील तर खालच्या मजल्यावरच्या अधिकृत रांगेतली मीटर टॅक्सीच बरी. मीटरवर 50 बाथ जास्तीचे आणि टोल वेगळा, हा नियमच आहे.

राजवाड्यात सकाळी साडेआठला दार उघडतं तेव्हाच पोचा. आत सावली कमी आणि ऊन भयंकर. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आईंचा पंजाबी ड्रेस उत्तम. माणशी 500 बाथ तिकीट आहे. बाहेर एखादा सभ्य दिसणारा माणूस गोड बोलून सांगेल, “आज पूजा आहे, राजवाडा बंद, मी तुम्हाला दुसरं देऊळ दाखवतो.” त्याच्याकडे लक्ष न देता सरळ फाटकापर्यंत चालत जा. अशा माणसाची वीस-तीस बाथवाली टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात नेऊन उभी करते. वाट फोमधला 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघून तिथूनच फेरीबोटीने पलीकडे वाट अरुणला जाता येतं. तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, काही बिघडत नाही. भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नसतो, तेवढं आईंना सांगून ठेवा.

आता जेवण. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. भाजीत मांसाचे तुकडे नसले तरी नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, आणि ऑयस्टर सॉस सर्रास पडतो. सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, कशी करतात ते गाडीशी उभं राहून बघा: उखळात लसूण, मिरची, सुकी कोळंबी, मग माशाचा सॉस, वर पपई. दिसायला निव्वळ शाकाहारी! म्हणून ‘जे’ हा शब्द पाठ करा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय होते. गोड चालत असेल तर आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, खाओ निआओ मामुआंग, जरूर खा. घरच्यासारखं पोळी-वरण हवंच झालं तर एमआरटीच्या साम योत स्टेशनजवळ फाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग आहे. तिथे गुरुद्वारा आहे, लंगर असतो. आणि मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी पिशवीत असू द्या.

पैसे भारतातून थोडेच बाथ घेऊन जा. सुवर्णभूमीच्या तळमजल्याखाली, रेल्वेकडे जाताना, बदलून देणाऱ्या खिडक्यांवर वरच्या मजल्यांपेक्षा चांगला भाव मिळतो. परदेशी कार्डाला तिथलं एटीएम दर वेळी दोनशे बाथच्या वर शुल्क लावतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा.

ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बंदी आहे. व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, अलीकडे ते बदलत आलेत. 1 मे 2025 पासून प्रत्येकाला डिजिटल आगमन कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. तिघांचं वेगवेगळं. ते मोफत आहे, पैसे मागणारं पान उघडलं तर लगेच बंद करा.